हेड कशाने तडकले

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, एप्रिलमधल्या एका बुधवारी दुपारी, देवगाव रंगारीच्या पुढच्या एका वाडीत माझ्या थोरल्या भावाच्या क्रेनच्या इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे लोखंडी झाकण, तडकले. क्रेनने ओढत आणलेला टँकर तेव्हा विहिरीपाशी उभा होता आणि त्याचे पाणी विहिरीत पडत होते.

क्रेन म्हणजे बंद पडलेले ट्रक ओढून नेणारी गाडी. भावाने ती जुनी घेतली होती. आजोबा पौरोहित्य करत, वडील तहसील कचेरीत कारकून. आमच्या घरात हातात पाना धरणारा तो पहिला. शहर तेव्हा चारही बाजूंनी वाढत होते. बायपासच्या पलीकडे वसाहती उभ्या राहत होत्या. तिथे नळ पोहोचले नव्हते, टँकर जात. कारखान्यांचा माल, खडी, सिमेंट आणि पाणी त्याच रस्त्यांवरून धावे आणि रोज काही ना काही बंद पडे.

क्रेन जाताना रिकामी असते, येताना तिच्यामागे दुसऱ्या गाडीचे ओझे असते. जाताना डिझेल वाचावे आणि येताना ताकद मिळावी, म्हणून भावाने पुण्याहून ट्यूनिंगचा डबा मागवला. डबा साबणाच्या वडीएवढा होता. तो इंजिनाच्या सेन्सरच्या वायरीत बसतो आणि डिझेलचा दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. कॉम्प्युटर मग डिझेल वाढवतो. बटणाला तीन खुणा होत्या : पहिली बचतीची, तिच्यावर डिझेल उलट थोडे कमी होई; दुसरी नेहमीची, तिसरी ताकदीची.

डबा बसवला तो स्टेशनच्या बाजूच्या पंपमिस्त्रींनी. इंजिनाचा डिझेल पंप नुसत्या आवाजावरून जुळवणारे म्हणून ट्रकवाल्यांत त्यांचे नाव होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. भावाला ते भटजी म्हणत.

"डब्बा लावून घोड्याचा हत्ती होत नाय, भटजी," ते म्हणाले.

"हत्ती नको, चाचा. घोडा चढावर बसू नये, एवढंच."

"बसणार नाय. सीधा मरंल."

"मग लावू नका."

"मी नाय लावला तर तू त्या बायपासवाल्याकडं जाशील. तो वायरी जाळून ठेवंल. आन इकडं."

डबा बसवल्यावर त्यांनी सायलेन्सरच्या तोंडाशी तिन्ही खुणांवर पांढरा रुमाल धरला. तिसऱ्या वेळी तो काळा झाला. तो त्यांनी भावाच्या हातात दिला. मग तापमानाच्या मीटरच्या काचेवर पांढऱ्या रंगाने एक रेघ ओढली.

"काटा इथं आला की थांबायचं. तापलेल्या इंजिनात पानी नक्को. एकदम बंद पन नक्को. हळू चालू ठेवायचं, आपोआप थंड होतं. समजलं का, का पंचांगात बघून सांगतो?"

"समजलं."

रिकाम्या फेरीला डिझेल कमी लागू लागले. भाऊ सांगे तेवढे कमी नाही, पण कमी लागू लागले. त्याचे ऐकून आणखी आठ ट्रकवाल्यांनी चाचांकडून डबे बसवून घेतले.

भरलेली गाडी टोचन करण्याआधी, म्हणजे मागे बांधून ओढण्याआधी, ती रिकामी करायची, हा या धंद्याचा नियम आहे. वैजापूरचा कांदा असेल तर गोण्या रस्त्याकडेला उतरवतात. टँकर असेल तर खालचा कॉक सोडून पाणी वाहू देतात. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी पाचोडच्या रस्त्यावर भावाने एका टँकरचा कॉक सोडायला लावला होता. शेतात काम करणाऱ्या बायका घागरी, पातेली घेऊन धावत आल्या; एक तर लुगड्याचा पदर भिजवून घरी पिळायला म्हणून धावत आली. बरेच पाणी डांबरावरून वाहून गेले. त्यानंतर भावाने कुणालाही कॉक सोडायला सांगितले नाही.

मी शहरातल्या एका दैनिकात तालुक्यांच्या बातम्या पाहत होतो. टँकर खरोखर पोहोचतात का हे तपासण्यासाठी मी त्या बुधवारी क्रेनमध्ये बसलो होतो. देवगाव रंगारीच्या पुढे चढाच्या पायथ्याशी टँकर उभा होता. त्याचा गिअरबॉक्स गेला होता. चढ संपल्यावर वाडी होती आणि वाडीत चार दिवस टँकर आला नव्हता.

"अर्धा सोडू का?" टँकरच्या चालकाने विचारले. "भरलेला ओढायचा नाय तुमच्यानं."

"साखळी लाव," भाऊ म्हणाला.

त्याने बटण तिसऱ्या खुणेवर नेले. क्रेन पहिल्या गिअरमध्ये चढू लागली. आरशात काळा धूर दिसत होता, टँकर दिसत नव्हता. अर्ध्या चढावर काटा रेघेला टेकला आणि पुढे गेला.

"काटा," मी म्हणालो.

"दिसतोय."

थांबलो असतो तर भरलेला टँकर त्या चढावर पुन्हा हलला नसता. भाऊ थांबला नाही. चढ संपेपर्यंत काटा रेघेच्या वरच होता.

विहिरीपाशी त्याने इंजिन हळू चालू ठेवले, पुढची जाळी उघडली आणि साखळी सोडायला मागे गेला. रेडिएटरमधून वाफ निघत होती. टँकरचा पाइप विहिरीत सोडण्याआधी एका म्हातारीने त्याखाली आपला हंडा भरून घेतला होता. तो घेऊन ती क्रेनपुढे आली. तिच्याबरोबरच्या ट्रॅक्टरवाल्याने ओले पोते टाकून रेडिएटरचे झाकण काढले.

"लई तापली बिचारी," म्हातारी म्हणाली आणि तिने हंडा ओतला.

मी तीन पावलांवर उभा होतो. चाचांचे बोलणे मी ऐकलेले होते. ते मला त्या वेळी आठवले नाही.

आत एकदा टक्क असा आवाज झाला. भाऊ मागून पळत आला. त्याने रिकामा हंडा पाहिला, म्हातारीकडे पाहिले.

"बरं केलं, आजी," तो म्हणाला.

पाच मिनिटांत सायलेन्सरमधून पांढरा धूर येऊ लागला आणि इंजिन बंद पडले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका क्रेनने आमची क्रेन शहरात आणली.

चाचांनी हेड उतरवले. तिसऱ्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्हच्या मधे तडा होता. पिस्टन शाबूत होते.

"काटा किती वेळ वर होता?"

"चढ संपेपर्यंत."

"गरम डब्ब्यानं केलं. तोडलं पान्यानं. पानी कोन टाकलं?"

भाऊ तड्यावरून बोट फिरवू लागला.

"तू नाय टाकलं, ते मला माहीत हाय," चाचा म्हणाले. त्यांनी हेड पोत्यावर उलटे ठेवले.

शनिवारी म्हातारी आणि ट्रॅक्टरवाला गॅरेजात आले. ट्रॅक्टरवाला बाहेरच थांबला. गॅरेजात तेव्हा तीन ट्रकवाले बसले होते. म्हातारी सरळ हेडपाशी गेली.

"माझ्या पाण्यानं गेलं का रं हे?" तिने भावाला विचारले. "वाडीत समदे मलाच बोलायलेत. म्हणतेत, ज्यानं पाणी आणलं त्याची गाडी हिनं मारली. आता टँकर बंद पडला तर कोण यायचं नाय म्हणतेत."

भावाने चाचांकडे पाहिले. चाचा हात पुसत उठले.

"नाय मावशी. पान्यानं कधी गाडी मरती का?"

"मंग?"

"डब्बा लावला होता एक, ताकदीचा. त्यानं गेलं. डब्बा मी लावला."

"तू?"

"हौ. मीच."

"कशाला लावायचं असलं काही?" म्हातारी म्हणाली. "कळत नाय तर हात लावू नये माणसानं."

"चुकलं, मावशी."

"मंग वाडीत असं सांगू?"

"असंच सांग. स्टेशनच्या मिस्त्रीनं गाडी बिघडवली म्हनून सांग."

तिने चहा घेतला नाही. आणलेले पिठले-भाकरीचे गाठोडे तिने भावाजवळ ठेवले आणि ती गेली. तिघे ट्रकवाले हे ऐकत होते. त्यातल्या दोघांच्या गाड्यांत चाचांनी बसवलेले डबे होते. दोघांनी त्याच दिवशी ते काढून घेतले. महिना संपेपर्यंत आठही जणांनी काढले.

"चाचा, मी सांगतो त्यांना खरं," भाऊ एकदा म्हणाला.

"ट्रकवाल्याला सांगितलं की वाडीत पोचलंच. गप बस, भटजी."

म्हातारी येऊन गेल्यानंतरच्या सोमवारी माझ्या दैनिकात चार ओळी आल्या : ट्यूनिंगच्या डब्यामुळे क्रेनचे इंजिन निकामी, कन्नड तालुक्यातील घटना. पाण्याचा उल्लेख न करता त्या मी लिहिल्या होत्या. त्या बातमीचा खुलासा छापला गेला नाही.

मे महिन्यात चाचांनी दुसरे हेड बसवले. डबाही पुन्हा जागेवर लावला आणि कुणाला दिसू नये म्हणून त्यावर काळी टेप गुंडाळली. पाऊस येईपर्यंत भावाने आणखी पाच भरलेले टँकर ओढले, त्यांतला एक त्याच वाडीचा. चाचांकडे डबा बसवायला त्यानंतर कुणी आले नाही.