मी आलो की रेषा येते

हे सांगावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. पण वडखळपासून पुढे सगळ्यांना कळलंच आहे, तर तुम्ही निदान माझ्या तोंडून ऐका. संख्याशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस मी. रोह्याच्या कॉलेजात उभी हयात आलेख शिकवण्यात गेली. आणि माझी फजिती केली कुणी? एका साध्या रेषेने.

निवृत्तीनंतर मी पेणला राहतो. धरमतरच्या खाडीकाठच्या एका गावातून सुमनताई आमच्याकडे दरवर्षी तांदूळ आणून देतात. त्यांच्या गावची शेती खाडीला लागून. मध्ये मातीचा बांध आणि बांधात उघाडी, म्हणजे भरतीला खाडीचं पाणी अडवणारी झडप. उधाणाला ती नीट बसली नाही, तर खारं पाणी थेट भातात. म्हणून दर उधाणाला कुणीतरी बांधावर जाऊन बघायचं. कुणीतरी म्हणजे सुमनताईंचे यजमान, जनार्दनदादा. गेल्या पावसाळ्यात ते बांधावरून घसरले आणि मनगट मोडून बसले.

"सर, तुमी एवढे शिकलेले," सुमनताई म्हणाल्या, "घरबसल्या पाणी दिसंल असं कायतरी काढा. ह्यांचा दुसरा हात तरी शाबूत ऱ्हावा."

मी काढलं. उघाडीच्या आत, शेताच्या बाजूला, पाणी मोजणारं यंत्र बसवलं. तिथला आकडा तारेने बांध कमिटीच्या खोलीतल्या संगणकात येणार आणि पडद्यावर आलेख दिसणार. रेषा सपाट असेल तर घरी बसा, चढू लागली तर पळा. इतकं सोपं.

उद्घाटनाला मी छोटंसं भाषण केलं. मला तरी ते छोटं वाटलं. "मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही," मी म्हणालो, "म्हणून या संगणकाला इंटरनेट दिलेलंच नाही. आपलं पाणी, आपलं यंत्र, आपली रेषा. बाहेरच्या कुणावर अवलंबून राहायचं नाही."

टाळ्या पडल्या. जनार्दनदादा तेवढे म्हणाले, "बघू."

मी घरी पोचतो न पोचतो, तोच सुमनताईंचा फोन. "सर, पडदा पांढरा झालाय. आकडे नाय, रेषा नाय, कायच नाय."

दुसऱ्या दिवशी गेलो. खोलीत शिरून बसलो, चष्मा पुसला, आणि बघतो तर रेषा ठणठणीत.

"आहे की!"

"आत्ता आली. तुमी आलात तवा."

मला वाटलं, तार सैल असेल. बदलली. मी निघालो, रेषा गेली. मग मला उंदरांचा संशय आला, मग विजेचा, मग स्वतःच्या डोक्याचा. हा शेवटचा संशय माझा जुना सोबती आहे. कुलूप लावून निघालो तरी कोपऱ्यावरून परत येऊन ओढून बघणारा माणूस मी. पण दर वेळी मी गेलो की रेषा हजर. आता हजर असलेल्या रेषेचा आजार शोधायचा कसा, सांगा?

त्यात त्या खोलीत बसलं की मला छातीपाशी गरम वाटायचं. बायको म्हणाली, "डॉक्टरांना दाखवा." मी विचारलं, "यंत्र की मी?" पेणच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. ती रेषा मात्र पहिल्या झटक्यात आली, आणि चांगली निघाली.

मग आली अमावास्या. दुपारचं उधाण. सकाळीच फोन, "सर, पडदा पांढराय. हे बांधावर निघालेत. तुमी तरी या."

रिक्षा करून गेलो. खोलीत कमिटीची सगळी मंडळी जमली होती. मी आत आलो आणि थोड्या वेळात रेषा उमटली. दादांना परत बोलवावं म्हणून मी बांधाच्या वाटेला लागलो, तर मागून ओरडा, "सर, गेली! माघारी या!" आलो. रेषा आली. पुन्हा निघालो. पुन्हा गेली.

"सर," सुमनताई म्हणाल्या, "तुमी आता खुर्चीतून हलू नका."

"अहो, पण मी काय यंत्राचा भाग आहे का?"

"ते तुमालाच ठावं. बसा तुमी."

बसलो. चहा आला, तोही खुर्चीतच. खरं सांगतो, मला किंचित बरंही वाटत होतं. या वयात आपल्या नुसत्या असण्याने काहीतरी चालतंय, ही भावना वाईट नसते.

तेवढ्यात जनार्दनदादा आले. कमरेपर्यंत चिखल, पण हात धड. "उघाडी बसलीय घट्ट. माझा फोन पाण्यात पडला. सर, तुमचा द्या. पल्याडच्या गाववाल्यांना सांगतो."

मी शर्टाच्या खिशातून फोन काढून दिला. तव्यासारखा तापला होता. बोलत बोलत दादा लांब अंगणापलीकडे गेले.

पडदा पांढरा.

सगळ्यांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सर तर हितंच हायेत," कुणीतरी म्हणालं.

आणि मला सगळं उलगडलं. आलेख काढणारी आज्ञावली मी लिहिलेली नव्हती. ती इंटरनेटवर फुकट मिळते. पडद्यावरच्या आपल्या वेबपानात तिचा पत्ता टाकायचा, की दर वेळी पान उघडताना ती दूर देशातल्या कुठल्याशा संगणकावरून येते. आणि दर मिनिटाला पान नव्याने उघडण्याची सोय मीच केली होती. पेणच्या घरी संगणक तयार करताना मी त्याला माझ्या फोनच्या हॉटस्पॉटचं इंटरनेट जोडलं होतं. ते फोनवर बंद करायचं राहिलं, आणि फोन जवळ आला की संगणक आपला इमानाने जोडला जायचा. आपलं पाणी, आपलं यंत्र, आणि रेषा माझ्या खिशातून. छातीतली उबही तीच.

त्याच आठवड्यात ती आज्ञावली उतरवून गावच्या संगणकातच ठेवली. फोन बंद करून, पेणला ठेवून, सगळ्या प्रकारे तपासलं. रेषा आता जात नाही.

पौर्णिमेच्या उधाणाला गावातून फोन आला नाही. न राहवून मीच केला.

"सुमनताई, रेषा दिसतेय?"

"दिसतेय की. मस्त सपाट हाय, बंद पडली नाय."

"मग दादा घरीच असतील?"

"नाय वो. बांधावर गेलेत."

"आता कशाला?"

"तुमची रेषा बरोबर हाय का, ते बघायला."