मामांनी खोडलेलं पोस्टर

जगातला प्रत्येक माणूस गरजेच्या दुप्पट बोलतो आणि चौपट लिहितो, असं माझ्या मामांचं ठाम मत होतं, आणि हे मत ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. तरुणपणी नारपोलीत कापड विणायचे लूम चालवता चालवता त्यांचे कान जवळजवळ गेले होते. माझ्या जन्माआधीच त्यांनी लूम सोडून ब्रश धरला आणि दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. दुकानदाराने दिलेला मजकूर ते कधीही पुरता लिहीत नसत. निजामपुऱ्यातल्या एका शिंप्याने 'येथे सर्व प्रकारचे कपडे सुबक व वेळेवर शिवून मिळतील' असं लिहून दिलं, तर मामांनी नुसतं 'शिंपी' लिहून खाली भलीमोठी कात्री काढली. तो भांडायला आला तेव्हा म्हणाले, "वेळेवर तू कंदी दिलंस? खोटं लिवायला माझा ब्रश वळत न्हाय." पाटी झाली की ती दुरून कशी दिसते हे पाहायला ते उलट्या पावलांनी चालत रस्ता ओलांडत. हॉर्न त्यांना ऐकू येत नसे. रिक्षावालेच सवयीने थांबत.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी एम.एस्सी.ला होते. लूमच्या आवाजाने कामगारांचं ऐकणं किती कमी होतं, हा माझा विषय. कॉलेजने मागून आणलेलं, ऐकणं मोजायचं यंत्र घेऊन मी महिनोन्‌महिने कारखान्यांत फिरले होते, आणि आता मुंबईत विद्यार्थ्यांच्या संशोधनाचं प्रदर्शन भरणार होतं. मी सगळं काम बारीक अक्षरात एका मोठ्या कार्डशीटवर उतरवलं, अगदी प्रस्तावनेपासून संदर्भांपर्यंत. शीर्षक तेवढं मामांनी रंगवावं म्हणून ते त्यांच्याकडे नेलं. त्यांनी ते भिंतीला टेकवलं, उलट्या पावलांनी चालत गल्लीच्या पलीकडे गेले, बराच वेळ पाहत राहिले.

"काय दिसतंय?" मी ओरडून विचारलं.

"मुंग्या," मामा म्हणाले.

मग परत येऊन त्यांनी विचारलं, "तुला सापडलं काय, ते सांग." कुठल्या पट्टीतले आवाज आधी ऐकू येईनासे होतात, तिथून मी सुरुवात केली. "ऐकू न्हाय आलं." मी आणखी मोठ्याने सांगितलं. "न्हाय आलं." चौथ्यांदा वैतागून मी एका चिठ्ठीवर लिहिलं: 'जितकी जास्त वर्षं लूमवर, तितकं कमी ऐकू येतं.' मामांनी चिठ्ठी वाचली. "हे वर, सगळ्यात मोठं. बाकीचं ह्याच्या पोटात."

पुढचे तीन दिवस आम्ही नव्या कार्डशीटवर भांडलो. माझे सहा तक्ते गेले आणि त्यांच्या जागी एकच उतरता आलेख आला. प्रत्येक परिच्छेदासाठी मी हट्ट धरला आणि प्रत्येक वेळी मामांनी पेन्सिलीने काट मारली. "परीक्षकांना वाटेल मी कामच केलं नाही," मी ओरडून म्हटलं. "काम तुझ्या तोंडात ठेव. इचारतील तवा सांग." मोकळ्या सोडलेल्या जागेकडे बोट दाखवून म्हणाले, "इथं डोळा दम खातो. हात लावू नको."

शिफ्ट सुटायच्या वेळी त्यांनी ते पोस्टर एका कारखान्याच्या दारावर टांगलं. बरेच जण पुढे गेले. एक प्रौढ कामगार मात्र थांबला, आलेखाची रेघ जिथे खूप खाली उतरली होती तिथे बोट ठेवून म्हणाला, "ये तो मेरा कान है."

मामांना ते ऐकू आलं नाही. मी लिहून दाखवलं. त्यांनी ती रेघ आणखी जाड केली.

आमच्या गाइड मॅडमनी चष्मा काढून पोस्टर पाहिलं. "एवढंच?"

"हो मॅडम, एवढंच. बाकीचं फाइलमध्ये आहे," मी म्हणाले. मी मागे हटले नाही.

प्रदर्शनात बक्षीस दुसऱ्या कुणाला मिळालं. माझ्या पोस्टरसमोर मात्र कानाच्या एक डॉक्टरीणबाई अर्धा तास थांबल्या. त्यांनी विचारलं ते ते मी सगळं सांगितलं, आणि एका रविवारी त्या खरोखरच नारपोलीत कामगारांचे कान तपासायला आल्या. रांगेत मामाही बसले. तपासून झाल्यावर बाईंनी कागदावर लिहिलं, की गेलेलं ऐकणं आता परत येणार नाही. मामांनी मान डोलावली. "म्हाईत हाय. नवीन लागलेत त्यांचं बघा." बाईंनी पुढे कानात घालायचे बोळे पाठवले. काहींनी ते वापरले, काहींनी हसून खिशात टाकले.

तपासणीच्या त्या रविवारी संध्याकाळी घरी परतताना मामा एकदम थांबले. "तुझं नुसतं ओरडणंच ऐकलंय मी," ते म्हणाले. "हळू बोलतेस तवा आवाज कसा लागतो गं? तुझ्या आयेसारखा?"

आईचा आवाज त्यांनी लूमवर जाण्याआधी ऐकला होता. मी होकारार्थी मान हलवली, आणि ते खुशीत पुढे चालू लागले. माझा आवाज आईसारखा मुळीच नाही. पण मामा होते तोवर मी ते त्यांना कधी सांगितलं नाही.