खोक्यावरचा हात

"हात पुढं करा," मुकादम म्हणाला.

आम्ही सतरा जणी ओळीत उभ्या होतो. रावेर तालुक्यातलं केळीचं पॅकहाऊस. सकाळचे आठ. मुकादम एकेकीच्या हातांवर वाकायचा, नाक लावायचा, पुढं सरकायचा. बाजारात बैल घेताना माणूस दात बघतो. वास कुणी घेत नाही.

माझ्या मायपाशी तो थांबला. पुन्हा वास घेतला. मग मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"हिच्या हाताला डिझेलचा वास मारतोय. केळ्याला लागला तर कंटेनर परत येईल. काढा हिला."

माय हात तसेच पुढं धरून उभी राहिली. कुणी त्यात काही घालणार असल्यासारखी.

केळीचा चीक ज्याच्या हाताला लागलाय त्याला हे सांगावं लागणार नाही. ओला असतो तेव्हा पाण्यासारखा. वाळला की काळा. साबणाला जुमानत नाही. कपडा फाटेल, पण डाग जाणार नाही. म्हणून आमच्या टोळीतली प्रत्येक बाई केळीचे कपडे वेगळे ठेवते. ते पालाच्या बाहेर टांगायचे, बाजाराला घालायचे नाहीत. कपडे वेगळे ठेवता येतात. हात कुठं ठेवणार?

आदल्या दिवशी मुकादमानं सांगितलं होतं, परदेशातून माल घेणारे पाहुणे येणार, स्वच्छ होऊन या. मायनं ते मनावर घेतलं. ट्रॅक्टरवाल्याकडून बाटलीच्या बुडाशी डिझेल मागून आणलं. चिंधीनं हात घासले. कातडं सोलवटलं तरी घासत राहिली. पाहुण्यांपुढं काळे हात नकोत म्हणून. तेच नडलं.

ज्यांचे हात काळे त्या बाहेर. ज्यांच्या हाताला वास त्याही बाहेर. सोळा जणींना बागेत पाठवलं. पाहुणे जाईपर्यंत तिथं बसायचं, दिसायचं नाही, आवाज करायचा नाही. मोबाइल मुकादमाच्या पिशवीत.

राहिले मी एकटी. बारावीची परीक्षा देऊन चारच दिवसांपूर्वी वसतिगृहातून मायकडे आले होते. माझे हात कोरे होते.

"ही चालेल," मुकादम म्हणाला. "साफ बोलते."

बागेकडं वळताना माय हळूच म्हणाली, "तू थांब. तुना हात चांगला शेतस." तुझे हात चांगले आहेत, म्हणे.

आम्ही साक्रीच्या पश्चिमेकडचे. डोंगरातलं गाव. पाऊस पडला तर नागली, नाही पडला तर काही नाही. आमच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात, त्यांची वीज खाली तारांनी निघून जाते. पाणी ओढ्यानं निघून जातं. दिवाळी झाली की माणसंही निघून जातात. खानदेश एकच आहे असं भाषणात ऐकते. असेल. त्याच खानदेशात रावेरच्या केळीच्या बुंध्याशी रोज थेंबाथेंबानं पाणी पडतं आणि माझ्या गावात बायका फेब्रुवारीपासून टँकरची वाट बघतात. इथं घडाला पिशवी घालतात, ऊन लागू नये म्हणून. फणी-फणीमध्ये फोम घालतात, ओरखडा पडू नये म्हणून. मग थंड कंटेनर, मग बंदर, मग आखातातलं कुठलं तरी चकचकीत दुकान. घड खांद्यावर वाहणाऱ्या माणसाच्या खांद्यावरही फोमची गादी असते. ती माणसासाठी नसते. घडासाठी असते.

सोळा जणींच्या जागी गावातल्या कॉलेजच्या मुली आणल्या. नवे एप्रन, डोक्याला टोप्या, हातमोजे. एकीनं मला विचारलं, "अगं, फणी पाण्यात उलटी सोडायची की सुलटी?" चार दिवसांत बघितलं होतं तसं मी सांगितलं. ती हसली, म्हणाली, "सोपं आहे की."

पाहुणे तिघं होते. एक बाई, दोन पुरुष. सोबत मालकाचा मुलगा. सगळे त्याला दादा म्हणायचे. तो इंग्रजीत सांगत होता आणि मराठीत आम्हाला विचारत होता.

बाईनं विचारलं, पिण्याचं पाणी कुठलं? दादानं माझ्याकडं बघितलं. मी फिल्टरकडं बोट केलं. तो सकाळीच आणून ठेवला होता. त्याचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

किती दिवस काम करतेस?

"दोन वर्षं," मी म्हणाले. आदल्या दिवशी मुकादमानं सगळ्यांनाच शिकवलेलं.

तेवढ्यात बागेतून खोकला ऐकू आला. एक. मग दोन-तीन. तोंडावर पदर दाबून खोकल्यावर येतो तसा कोंडलेला. मी तो ओळखला. मायचा होता. पाहुण्या बाईनं मान वळवली. काय आहे तिकडं?

"मंकीज," दादा म्हणाला.

ती हसली. ते दोघं हसले. इंग्रजीत मला चांगले मार्क पडायचे. मला शब्द कळला.

मीही हसले.

हे मी लपवत नाही. हे पत्रक मी लिहितेय, आणि पत्रकात दुसऱ्यांचं पाप मोठ्या अक्षरात छापायची सवय असते. हे माझं आहे. मी हसले.

मग त्या बाईनं माझा मोजा काढायला सांगितला. हात हातात घेतला, उलटसुलट बघितला. एवढं काम करून हात किती छान ठेवलाय, म्हणाली. पिवळी फणी माझ्या तळव्यावर ठेवून त्यांनी फोटो काढला.

दुपारी बायका बाहेर आल्या. डोळे लाल. त्या बागेत पहाटेच औषध फवारलं होतं. मुकादमाला ते ठाऊक होतं, पंप त्यानंच लावून दिला होता. माय पाण्याच्या टाकीपाशी बसली आणि डोळ्यांवर पाणी मारत राहिली.

"काय इचारं तेस्नी?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"हात देखात का?"

मी हो म्हणाले. ती समाधानानं मान हलवून पुन्हा खोकली. त्या दिवसापासून तो खोकला गेलेला नाही.

पुढच्या हंगामात नवे खोके आले. प्रत्येकावर एक हात, हातावर पिवळी फणी. अंगठ्याजवळचा तीळ माझा. माय ते खोके दुमडायची, तिच्या काळ्या बोटांनी. एकदा तीळ बघून थबकली. माझ्याकडं बघितलं. मी तिला सगळं सांगितलं. माकडांचंही. माझ्या हसण्याचंही.

ती खोका दुमडत राहिली. तो थप्पीवर ठेवून म्हणाली, "तू हसनी?"

एवढंच.

यंदा मुकादम पालावर आला. "परवा पाहुणे येतायत. तू आत. बाकीच्या बागेत."

"मायला आत घ्या. मी बागेत बसते."

तो जिभेनं दात चोखत राहिला. "शिकली म्हणून वाकडं बोलू नको. पाहुणे निघाले की टोळी परत पाठवेन, अन् एकदा परत पाठवली की रावेर काय, शेजारच्या यावलमध्येही कुणी उभं करत नाही. मायला औषध कुठून आणशील?"

त्यानं खोकला मोजूनच धमकी दिली होती. यंदा ओळीत त्याचं ऐकायचं नाही, असं सांगत मी दोन दिवस पालापालातून फिरले. कुणी हो म्हणालं नाही. कुणी नाहीही म्हणालं नाही.

त्या दिवशी पुन्हा ओळ. पुन्हा सकाळचे आठ.

"हात पुढं करा."

मी हात पाठीमागं घेतले. शेजारी काही हललं नाही. मला वाटलं, संपलं. मग मायचा पदर सरकला. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले. तिच्या पलीकडच्या बाईनं नेले. मग तिच्या पलीकडच्या. ओळीच्या टोकाला दोघी हात पुढं करून रडत होत्या. त्यांची लेकरं लहान आहेत. त्यांना मी दोष देत नाही.

मुकादम ओरडला नाही. फोन लावून बाजूला गेला.

पंधरा जणींचं काम तासाभरात गेलं. आमच्या पालांची ताडपत्री त्यांनीच उतरवली. पाहुणे आलेच. कॉलेजच्या मुली उभ्या राहिल्या. कंटेनर ठरल्या वेळी निघाला. माय आता गावी आहे आणि खोकते आहे.

खोक्याच्या बाजूला खरेदीदाराचा पत्ता छापलेला असतो. त्या पत्त्यावर मी इंग्रजीत लिहिलं: हा हात माझा आहे. फोटो काढला तोवर या हातानं तुमची एकही फणी धुतलेली नव्हती. धुणारे हात काळे आहेत, आणि तुम्ही आलात तेव्हा ते बागेत औषधात बसवलेले होते. ती माकडं नव्हती. त्यांत माझी माय होती. उत्तर आलेलं नाही.

दिवाळीनंतर साक्रीहून टोळ्या पुन्हा निघतील. त्यांच्या गाडीत मी असेन, हे पत्रक घेऊन. रावेरच्या फाटकावर उतरवलं तर यावलच्या फाटकावर उभी राहीन. माझा कोरा हात त्यांच्या खोक्यावर आहे तोवर मी गप्प बसणार नाही. आणि तो हात त्यांच्यापुढं पुन्हा धरणार नाही.