काठावरचं माप

नाशिकच्या एका तपासणी प्रयोगशाळेत धम्मपाल मांस कापायचा. कसाई नव्हे तो. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा आणि यंत्राच्या पात्यावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, हे त्याचं काम. हात असा हलका, की पातं फिरलं हे मेणालाही कळू नये.

त्या दिवशी सविताच्या मानेतली गाठ त्याच्याच टेबलावर आली. सविता त्याची थोरली बहीण, नांदगावला दिलेली. आईमागं तिनंच त्याला वाढवलं, मनमाडला शिकायला धाडलं. निदान करणाऱ्या मॅडम डॉक्टर यायच्या आतच त्यानं पहिला काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पेशींची वर्तुळं बारीक, निमूट. बिघडलेल्या पेशी फुगतात, एवढं त्याला ठाऊक होतं. राहवेना, त्यानं फोन लावला. बारीक आहेत, घाबरू नको, म्हणाला. तिकडं सविता आधी रडली, मग हसली.

मॅडमनी काच पाहिली आणि नकारार्थी मान हलवली. द्राक्षाचा घड गोठवून त्यात सुरी घातली, त्या म्हणाल्या, तर काही मणी पोटात चिरतात, काहींचं नुसतं टोक उडतं. टोकाची चकती लहानच दिसणार. त्यात मेणात बसताना मांस आक्रसतं ते वेगळंच.

"खरं माप हवं तर खोल जा. काप सोडू नको एकही."

धम्मपाल खोल गेला. रंगवलेल्या काचा ओळीनं पाहू लागला. एका कापात त्यानं एक ठिपका हेरला. पुढच्या कापात त्याच जागी वर्तुळ. त्याच्या पुढं ते आणखी रुंद. उजाड रस्त्यावरून कुणी चालत यावं, आणि जवळ आलं तरी त्याला चेहरा नसावा, तसं. भर दुपार होती, खाली रिक्षावाले भांडत होते, तरी त्याच्या मानेवर काटा आला. पेशी चेंडूसारखी गोल असेल तर निम्म्यानंतर तिचं वर्तुळ लहान व्हायला हवं. धम्मपाल त्याच्या लहान होण्याची वाट बघत काचा सरकवत राहिला.

फोन वाजला. सविता सांगत होती, आळीभर साखर वाटली.

"ताई, सकाळी सांगितलं ते काठावरचं होतं. मीच घाई केली."

तिकडं तिनं पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"मग मधलं काय म्हणतंय, धम्मा?"

त्यानं हातातली काच लावून पाहिली. वर्तुळ अजून वाढतच होतं.

"मधोमध अजून आलो नाय, ताई."