वजनबाईंचा मांडव

वजनबाईंना माणसाचं नाव कधीकधी आठवत नसे, वजन मात्र आठवे. आजचं नव्हे, पहिलं. आमच्या गावातली अंगणवाडी त्यांनी एकतीस वर्षं चालवली. त्या काळात गावात जन्मलेलं प्रत्येक लेकरू कापडाच्या झोळीत घालून त्यांनी ताणकाट्याला लटकवलेलं होतं. एखाद्या पंगतीत अंगठ्या घातलेला, मिशीला पीळ दिलेला माणूस समोर आला, की बाई त्याच्याकडे क्षणभर बघत आणि म्हणत, "दोन किलो शंभर. आणि किती रडला होता गा!"

मी धान खरेदी केंद्रावर वजनं लिहितो, त्यामुळे कोणी तोंडी सांगितलेल्या आकड्यावर सहसा विश्वास ठेवत नाही. एकदा बाईंची जुनी रजिस्टरं मागून घेतली आणि बारा नावं ताडून पाहिली. अकरा बरोबर निघाली. बाराव्याबद्दल बाई शांतपणे म्हणाल्या, "मंग त्या दिवशी रजिस्टर चुकलं." पुढे चौकशी केली, तर त्या दिवशी बाई वजन करून अर्ध्या रजेवर गेल्या होत्या आणि नोंद मदतनिसाने केली होती. तेव्हापासून मी त्यांचे आकडे तपासणं सोडून दिलं.

त्यांचं खरं नाव शेवंता. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं कोणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं: "साठ लेकरं अंगावर असताना नवऱ्याचे लाड कोण करन?" विचारणारा हसायचा, बाईही हसायच्या, आणि विषय तिथेच संपायचा.

बाई निवृत्त झाल्या त्याच वर्षी आमच्या वाचनालयाने ठरवलं, की गावातले पुढारी, कलावंत आणि जुन्या गोष्टी जपणारी माणसं यांच्या मुलाखती घेऊन ठेवाव्यात. बैठकीला अकराजण होतो. हे काम कोण करणार, असा प्रश्न निघाल्यावर दहाजण पंख्याकडे बघू लागले. बाई म्हणाल्या, "मी करतो. आणि हा गोपाल लिहून ठेवील." गोपाल म्हणजे मी. मला कोणी विचारलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मी नवं रजिस्टर आणून रकाने आखले: क्रमांक, नाव, वय, विषय, मिनिटं. पहिल्या पानावर एक नियमही लिहिला: या रजिस्टरात 'अंदाजे' हा शब्द येणार नाही. बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "तुह्या बायकोचं कसं होते गा घरी?"

मुलाखतीचे त्यांचेही नियम होते. खुर्चीवर बसायचं नाही. आधी चहा घ्यायचा नाही, कारण "चहा झाला का माणूस पाहुणचार करते, सांगत नाई." प्रश्न एकच विचारायचा आणि मग ओठांवर बोट ठेवून गप्प बसायचं. ते बोट आम्हा सगळ्यांसाठी होतं. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू झालं, की घरातल्या सुनेने भांडं आपटायचं नाही, मी खोकायचं नाही, आणि बाईंनी स्वतः तर हुं की चूं करायचं नाही. सांगणारा थांबला तरी बाई बोलत नसत. त्या थांबण्यानंतरच खरं काही निघतं, असा त्यांचा अनुभव. मी एकदा मोजलं. एकेचाळीस मिनिटांच्या मुलाखतीत बाईंचा आवाज दीड मिनिटसुद्धा नव्हता.

पंचायत समितीत पद भूषवलेल्या आमच्या एका तरुण पुढाऱ्याची मुलाखत अजून डोळ्यांपुढे आहे. ते नवा सदरा घालून, मागे स्वतःचा फलक लावून तयार होते. "माझ्या कार्यकाळात..." एवढं त्यांनी म्हटलं आणि बाईंनी मोबाइलवर हात ठेवला.

"ते फलकावर लिहून आहे. तू पोहायले कोन्या बोडीत शिकला, ते सांग."

"बाई, हे रेकॉर्ड होऊन राहिलं ना?"

"मंग? एक किलो नऊशेचा होता तू. जगते का नाई, म्हणून तुही माय माह्याजवळ रडली होती. पोहायले शिकला, हाच तुहा मोठा कार्यकाळ."

साहेब हसले, खुर्चीवरून उतरले आणि बाईंच्या समोर सतरंजीवर बसले. मग गावची बोडी, म्हणजे छोटं तळं, त्यातलं गाळाचं पाणी, बुडता बुडता म्हशीची शेपटी धरून काठाला कसे लागले, हे सगळं त्यांनी तेहतीस मिनिटं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, म्हशीचं तेवढं काढून टाका. बाईंनी उलट निरोप पाठवला, "कायले? म्हशीची मतं जातील का?"

दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, बाईचं सोंग घेणारे एक म्हातारे होते. त्यांना सगळे नाचाबद्दल विचारत. बाईंनी विचारलं, "लुगडं कोणाचं नेसत होते?" म्हाताऱ्यांनी खांद्यावरचा पंचा काढून मांडीवर घेतला आणि ते म्हणाले, "घरवालीचं. तिच्याजवळ दोनच होते. मंडईच्या जत्रेत मी चांगलं नेसून नाचो, अन् ती फाटकं नेसून पाहे." ती मुलाखत बावीस मिनिटांची.

बासष्ट मुलाखती अशा झाल्या. त्रेसष्टावी, यादीतली शेवटची, अडली.

भागरता आजी म्हणजे लग्नातल्या गाण्यांची खाण. मांडव घालण्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं त्यांना येत होतं, आणि ती सगळी गाणी येणारं त्यांच्याशिवाय गावात कोणी उरलं नव्हतं. आता लग्नात डीजे येतो, त्यामुळे आजींना कोणी बोलावत नसे. आम्ही गेलो आणि आजींनी सरळ नाही म्हटलं.

"मांडव नाई, नवरी नाई, अन् गाणे म्हणू? अपशकुन होते वो! कोणाचं लगन लावू, ह्या मोबाइलचं?"

तीनदा गेलो, तीनदा हेच. दुसऱ्या खेपेला आजींनी मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली. तिसऱ्या खेपेला आपल्याच सुनेला विचारलं, तू कोणाची गं? बाहेर पडल्यावर बाई म्हणाल्या, "गोपाल, गाणे चालले. रोज एक-एक जाऊन राहिलं असंन. आपण इथं शकुन-अपशकुन करत बसलो."

उपाय बाईंनीच काढला. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे मुली बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात. बाईंनी आपल्या अंगणात ते लावायचं ठरवलं. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव घातला. बाहुली बाईंकडची, बाहुला माझ्या घरचा. म्हणून मी वरबाप. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. पण आजी आल्या, मांडवाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "बाहुलीचं असो का कोणाचं, लगन म्हणजे लगन. पाच घरचं पाणी कुठी आहे? हळद कोणी दळली?" हळद विकतची होती. ती बाजूला ठेवून जात्यावर नवी दळावी लागली. सुरुवातच पावणेदोन तास उशिरा झाली.

मग आजी गायल्या. माणसं विसरणाऱ्या आजी एक शब्द अडखळल्या नाहीत. वरपक्षाला शिव्या द्यायच्या गाण्यांत तर त्यांनी माझं पोट, माझं नाक आणि माझं रजिस्टर या तिन्हींचा समाचार घेतला. पोटावर दोन कडवी होती. माझी बायको सर्वांत मोठ्याने हसत होती. मी कडव्यांचा आकडा लिहिला आणि गप्प राहिलो, कारण समोर बाईंचं ओठांवरचं बोट होतं.

हळदीच्या गाण्याआधी आजी थांबल्या. "नवरीचं नाव काय?"

गाण्यात नवरीचं नाव गुंफावं लागतं. आम्ही सगळी तयारी केली होती. बाहुलीचं नाव ठेवायचं कोणाला सुचलं नव्हतं.

बाई हळूच म्हणाल्या, "घाला ना काही."

"काही नावाची नवरी रायते का वो?" आजींनी बाईंकडे नीट पाहिलं. आणि गाणं उचललं: शेवंताच्या अंगाला हळद, शेवंताच्या माहेरी मांडव. गाता गाता बाहुलीला हळद लावली आणि तोच हात पुढे करून बाईंच्या दोन्ही गालांना लावला. मोबाइल सुरू होता. बाईंचं बोट ओठांवरच होतं. एकतीस वर्षं कोणालाही तोंडावर बोलणाऱ्या बाईंना त्या दिवशी त्यांच्याच नियमाने बोलू दिलं नाही. त्या डोळे पुसत होत्या, पण आवाज येऊ दिला नाही. ते रेकॉर्डिंग मी नंतर तीनदा ऐकलं. खरंच, काही ऐकू येत नाही.

अठरा गाणी झाली. पाठवणीचं एकोणिसावं मात्र आजींनी म्हटलं नाही. "नवरी तं आपल्याच घरी रायते. तिले कुठी पाठवू?" त्यानंतर बाई दर महिन्याला त्यांच्याकडे जात, आणि दर महिन्याला आजी हेच सांगत. रजिस्टरात विषयाच्या रकान्यात मी लिहिलं, 'लग्नाची गाणी, अठरा. नवरीचं नाव शेवंता.' गाण्यात तेच होतं. बाईंनी शेजारी पेन्सिलीने लिहिलं, 'एक बाकी.'

मागच्या वर्षी धान निसवायला, लोंब्या धरायला लागलं आणि बाई गेल्या. सकाळी अंगण झाडलं, ओट्यावर बसल्या, त्या उठल्याच नाहीत. अर्धं गाव जमलं. बहुतेकांचं वजन त्यांनी केलेलं. पुढारी साहेब एका कोपऱ्यात लहान मुलासारखे रडत होते. तयारी चालू असताना एक म्हातारे म्हणाले, बाई बिनलग्नाच्या गेल्या. काही घरांत चाल आहे, आधी रुईच्या झाडाशी लगन लावावं लागते. कोणीतरी रुईची फांदी आणायला निघालंसुद्धा.

तेवढ्यात सुनेचा हात धरून भागरता आजी आल्या. "कायले रुई? हिचं लगन झालं. मी गायली ना. विचारा याले." माझं नाव त्यांना आठवत नव्हतं. बोट मात्र माझ्याकडेच होतं.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी खोटं सांगत नाही, हे गावाला माहीत आहे. मी म्हणालो, "हो. अठरा गाणी. नावासकट नोंद आहे."

फांदी आणणारा परत फिरला. आजी बाईंच्या उशाशी बसल्या, गालांवरून हात फिरवला आणि पाठवणीचं गाणं म्हटलं. सगळं, शेवटपर्यंत. मोबाइल माझ्या खिशात होता. काढला नाही. घड्याळही पाहिलं नाही.

संध्याकाळी रजिस्टर उघडून बाईंचं 'एक बाकी' खोडलं आणि खाली नवी ओळ लिहिली. क्रमांक चौसष्ट. नाव: भागरता आजी. विषय: पाठवणी. मिनिटांचा रकाना बराच वेळ रिकामा राहिला. शेवटी लिहिलं: अंदाजे चार.