जावेच्या मुंबईचा कागद

मुंबईला पहिल्यांदा जायचा हक्क आमच्या घराण्यात माझा होता, असं मी लग्न होऊन आले तेव्हापासून धरून चालले होते. कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, पण त्यात बोलण्यासारखं काय होतं? वरवट बकाल गावातल्या आमच्या सगळ्या भाऊबंदांत चार बुकं शिकलेली बाई मी एकटी. माझा मामा मुंबईला कापडाच्या गिरणीत कामाला होता, आणि दर दिवाळीला तो माझ्या माहेरी, खामगावला, चित्राचं एक कार्ड पाठवायचा. ती सगळी कार्डं मी पत्र्याच्या डब्यात घालून सासरी आणली होती. अपोलो बंदर, राणीचा बाग, दिवे लागलेली चौपाटी आणि दोन मजल्यांची ट्राम.

ट्रामचं कार्ड सगळ्यात मळलेलं होतं, कारण तेच मी जास्त वेळा हाताळलं होतं. मामाने एकदा सांगितलं होतं की जिन्याने वर जायचं आणि सगळ्यात पुढच्या बाकावर बसायचं. मग पुढे कुणी नसतं, खाली सगळी मुंबई सरकत असते. तो बाक मी माझा म्हणून ठरवून टाकला होता.

आणि मुंबईला निघाली कोण, तर माझी थोरली जाऊ. माझ्या नवऱ्याच्या मोठ्या भावाची बायको. शेगावच्या पलीकडे जिने पाऊल टाकलं नव्हतं, जिला अक्षरओळख नव्हती, जी डावखुरी होती आणि बोलायला इतकी सावकाश, की तिचं वाक्य संपेपर्यंत माझी अर्धी भाकरी थापून व्हायची. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. कचेरीचे कागद नागपूरकडे जात, पण कापूस मुंबईकडेच जाई. त्या साली खामगावच्या आडत्याने भासऱ्यांना, म्हणजे जावेच्या नवऱ्याला, म्हटलं, चार दिवस मुंबईचा बाजार बघायला चला, काळबादेवीला आमची खोली मोकळीच आहे, मंडळींनाही आणा.

मंडळी म्हणजे माझी जाऊ. मला ही बातमी तिनेच येऊन सांगितली, आणि वर माझ्याच चुलीपुढे बसून म्हणाली, "तुले सगळी मुंबई माहीत हाये. चार दिवसांत काय काय पाहाचं, ते एका कागदावर लिहून दे ना वं. तुह्या भासऱ्यायले दुपारपर्यंत बाजारात काम राहीन, मंग फिरवतीन मले."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण नव्हतं. पण माझ्या पोटात जे पेटलं ते त्या चुलीत नव्हतं, हे आज लिहायला मला लाज वाटत नाही. मी नवऱ्याला विचारलं, आपण कधी जायचं? त्याने नांगराच्या फाळावरून डोकं न उचलता "पुढच्या साली पाहू" म्हटलं. पुढच्या सालाचं हे उत्तर मी तोवर बरीच सालं ऐकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दौत घेऊन कागद लिहायला बसले. आधी अगदी सरळ मनाने सुरुवात केली. पहिल्या दिवशी मुंबादेवी, ते ठीकच होतं. मग मला दिसायला लागलं की अपोलो बंदराच्या कठड्याशी माझी जाऊ उभी आहे, पदर उडतोय, आणि तिला पलीकडे काय आहे हे विचारायचंही सुचत नाहीये. माझा टाक थांबला. बंदर मी लिहिलं नाही. त्याच्या जागी भुलेश्वर लिहिलं. मग काळबादेवी. मग बाबुलनाथ, कारण तिथे चढायला पायऱ्या खूप आहेत असं मामा म्हणायचा, आणि माझ्या जावेचे गुडघे दुखायचे. मग महालक्ष्मी, प्रभादेवी, आणि शेवटच्या दिवशी टेकडीवरचं वाळकेश्वर. चार दिवसांत सात देवळं. राणीचा बाग मी दया येऊन लिहिला, पण तोही परतीच्या दिवशी सकाळी, म्हणजे गाडीच्या घाईत तो राहूनच जाईल.

ट्राम लिहायचा तर प्रश्नच नव्हता. जाऊ पायी गेली तर देव जास्त पावेल, असं मी मनाशी म्हटलं आणि कागदाची घडी घातली.

भासऱ्यांशी बोलायची आमच्यात रीत नव्हती. ते समोर आले की पदर ओढून बाजूला व्हायचं. म्हणून कागद जावेच्या हातात दिला. संध्याकाळी त्यांनी तो तिला मोठ्याने वाचून दाखवला आणि कोटाच्या खिशात ठेवला, हे तिनेच मला सांगितलं. "बेस लिहिलं म्हणत होते," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुही एखादी जुनी चोळी असन तं तुकडा दे ना. गोधडीले लावाचा हाये." माझ्या मनात आलं, मुंबईला निघाली तरी हिचं मागणं संपत नाही. मी सगळ्यात विटका, बोटभर रुंदीचा हिरवा तुकडा काढून दिला.

निघायचं गुरुवारी होतं, पण गुरुजींनी प्रस्थानाला सोमवार चांगला सांगितला. आमच्याकडे तेव्हा लांबच्या वाटेला असं कुणी नुसतं उठून जात नसे. चांगल्या दिवशी जाणाऱ्याचं एकेक वस्त्र घ्यायचं, त्याच्या टोकाला सुपारी बांधायची, कुंकू लावलेले तांदूळ आणि हळकुंड घालून त्याचं गाठोडं करायचं, आणि जायच्या दिशेला जे घर असेल तिथे नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस त्या दिवशीच निघाला असं धरतात. मग खऱ्या जायच्या दिवशी ते गाठोडं उचलून पुढे व्हायचं. मधे ते घरी न्यायचं नाही आणि सोडायचंही नाही.

मुंबई मावळतीला. माझं घर तिच्या घरापासून मावळतीला. म्हणजे जावेची मुंबई तीन दिवस माझ्याच कोनाड्यात मुक्कामाला आली.

सोमवारी ती ठेवून गेली. मंगळवारी मी तिकडे बघितलं नाही. बुधवारी दुपारी घरात कुणी नव्हतं, आणि मला एकच गोष्ट खात होती. मुंबईसाठी जावेने नवं लुगडं घेतलं होतं. मी रंग विचारला तर "निघाच्या दिवशी पाहजो" म्हणून हसली होती. ते लुगडं त्या गाठोड्यात होतं. मला फक्त रंग पाहायचा होता. एक कोपरा वर करून पाहावा म्हटलं, पण डावखुऱ्या बाईची गाठ, ती उलटी बसलेली. ओढता ओढता सगळीच सुटली.

लुगडं वांगी रंगाचं होतं, आणि काठ असा की माझ्या लग्नातल्या शालूलाही नव्हता. त्याच्या टोकाला एक सुपारी. त्याखाली भासऱ्यांचं उपरणं, त्यालाही एक सुपारी. आणि दोन्हींच्या मधे, हळकुंडाला चिकटून, माझ्या चोळीचा तो विटका हिरवा तुकडा होता. त्यात तिसरी सुपारी बांधलेली होती.

समजायला वेळ लागला नाही, कारण त्यात दुसरा अर्थ निघतच नव्हता. मी मुंबईला जाणार होते. सोमवारीच निघालेही होते, फक्त मला माहीत नव्हतं.

पहिला विचार कुठला आला ते सांगते. त्या सात देवळांची प्रत्येक पायरी आता मलाही चढायची होती, हा. कागद भासऱ्यांच्या खिशात, आणि त्यांच्याशी मला बोलता येत नाही. दुसरा विचार गाठीचा. सांडलेले तांदूळ मी एकेक वेचून परत घातले आणि डाव्या हाताने गाठ मारून पाहिली. नाहीच जमली. शेवटी माझ्या हाताची मारली, आणि ती बाजू भिंतीकडे करून गाठोडं कोनाड्यात ठेवलं.

दिवेलागणीला नवरा आला आणि पाय धुता धुता म्हणाला, "दादा म्हणत होता, वहिनीसंगं तुले पाठव. सकाळच्या वक्ती ते एकटी काय करन, तिले पाट्या वाचता येत नाहीत. मी हो म्हटलं. चार दिवसांचाच सवाल हाये." मग हळूच म्हणाला, "वहिनीनं आठ दिवसांपासून दादाचं डोकं खाल्लं म्हणे. पक्कं झाल्याबिगर तुले सांगू नका म्हणे, उगीच आस लागन."

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मी कार्डांचा डबा सुद्धा ट्रंकेत ठेवला. गाठ म्हणजे गाठ, सुपारीला काय कळतं, असं म्हणून मी कपड्यांच्या घड्या घालत राहिले.

गुरुवारी उजाडता बैलांची दमणी दाराशी आली. भासरे पुढे बसलेले. जाऊ एकटी आत आली, कोनाड्यापाशी गेली, गाठोडं उचललं, आणि तिचा अंगठा गाठीवर थांबला. तिने ते फिरवून पाहिलं.

"सोडलं होतं?" तिने विचारलं.

उंदीर म्हणता आलं असतं. पण ती माझ्याकडे बघत होती. "हाव," मी म्हटलं.

"काऊन?"

"लुगड्याचा रंग पाहाले."

ती उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "माही माय म्हणे, सोडलेलं प्रस्थान घेऊन निघालेलं माणूस त्या वाटेनं वापस येत नाही. घरी लेकरं हायेत माही."

"बाई, सुपारीच तं हाये," मी म्हटलं.

"तुह्यासाठी असन," ती म्हणाली. रागाने नाही, नेहमीच्याच सावकाश सुरात. आणि गाठोडं घेऊन बाहेर गेली.

मी दाराआड उभी होते. तिने दमणीजवळ जाऊन सांगितलं की तिचं येणं रद्द, प्रस्थान मोडलं. भासऱ्यांनी विचारलं, कोणी मोडलं? ती म्हणाली, "मीच काल येऊन सोडून पाह्यलं. हळकुंड घातलं का नाही याचा भरोसा वाटत नव्हता." ते भडकले. इतक्या वर्षांची बाई आणि एवढी अक्कल नाही, असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. पुन्हा प्रस्थान ठेवायला पुढचे आठ दिवस मुहूर्त नव्हता, आणि आडत्या शेगावच्या फलाटावर वाट पाहत होता. "मी कामाले चाल्लो, कामाले मुहूर्त लागत नाही," म्हणाले, गाठोड्यातलं उपरणं काढून खांद्यावर टाकलं आणि दमणी हाकली. ती नाही म्हटल्यावर भासऱ्यांबरोबर मी एकटी जाणं शक्यच नव्हतं. माझी ट्रंक तशीच ओसरीत राहिली.

शेजारणी दोन दिवस जावेला हसल्या. मी त्यांना काही सांगितलं नाही.

आठवड्याने भासरे परत आले ते पाय सुजवून. बायकोचं देवदर्शन हुकलं म्हणून त्यांनी इमानाने तो कागद हातात धरून, कागदाबाहेर एक पाऊल न टाकता, सातही देवळं केली होती. राणीचा बाग गाडीच्या घाईत राहून गेला. पारावर लोकांनी विचारलं, कशी आहे मुंबई? ते म्हणाले, "काय सांगू लेका, निसते देवळंच हायेत. अन् पायऱ्या." पुढे कितीतरी दिवस आमच्या गावात मुंबई म्हणजे देवस्थानाचं ठिकाण समजत.

जावेने साती देवळांचा प्रसाद घरोघरी वाटला. माझ्याकडे सगळ्यात शेवटी आली. ओसरीवर बसली, माझ्या हातावर पेढ्याचा तुकडा ठेवला आणि कमरेच्या पिशवीतून हिरवी पुरचुंडी काढली. "तुही सुपारी. ठेव. कवातरी कामी येईन."

मग मला राहवलं नाही. इतके दिवस गाठ सोडल्याचं ओझं होतंच, पण त्याच्याआधीचं तिला कुठे माहीत होतं? मी म्हटलं, "बाई, त्या कागदात मी ट्राम लिहिली नव्हती. बंदरही नव्हतं लिहिलं. मुद्दाम."

"माहीत हाये मले," ती म्हणाली.

"कसं?" मी विचारलं.

"तू कापूस येचता येचता कितीदा सांगितलं ट्रामचं. वरतं चढाचं, पुढच्या बाकावर बसाचं. यायनं कागद वाचला तवा मी वाटच पाहत होती, ट्राम कवा येते म्हणून. आलीच नाही." ती पदराने हात पुसत होती. "मंग म्हटलं, ते तुनं सोताले ठेवली असन. पहिले तुलेच पाहाची असन. म्हणून तं तुकडा मागतला तुले. म्हटलं, तू वरतं पुढं बस, मी मांगं बसतो."

ती उठली, गुडघ्यावर हात देऊन पायऱ्या उतरली आणि घरी गेली. पेढा माझ्या हातातच होता. त्या वांगी लुगड्याचा मला हेवा वाटला होता, मुंबईचा वाटला होता, तिच्या नवऱ्याचा वाटला होता. पण ती गल्लीतून जाताना मला तिचा जो हेवा वाटला, तो अजून गेलेला नाही.