सुईवाले भाऊ

सुईवाले भाऊ माणसाच्या तोंडाकडे बघतच नसत. नजर थेट कोपराच्या खळग्यावर. बाजारात मी नमस्कार केला तर ओळख पटायची नाही, बाही वर केली की म्हणत, "हां, मास्तर." लाखांदुरात त्यांची एका खोलीची लॅब होती. घरी कोणी नव्हतं, म्हणून डबाही तिथेच खात, रक्ताच्या नळ्यांकडे पाठ करून.

मी तेव्हा पिणारा. साधासुधा नव्हे, घर मोडेपर्यंत पिणारा. बायको तुमसरला माहेरी गेली आणि निरोप आला: दर महिन्याला रक्ताचा रिपोर्ट पाठवा, मग बघू. दारूने यकृताचा जीजीटी नावाचा आकडा चढतो, सोडली की उतरतो, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझ्या शपथांवर तिचा विश्वास उरला नव्हता, आणि त्यात तिचं काहीच चुकलं नव्हतं.

भाऊंनी कधी उपदेश केला नाही. "मले आकड्याचं समजते, माणसाचं नाही," म्हणत. तीन महिने आकडा उतरत गेला. चौथ्या महिन्यात चढला. मी थेंबालाही शिवलो नव्हतो. रिपोर्ट हातात घेऊन त्यांच्यासमोर रडलो, लाजबीज सोडून. एवढं एकटं मला पितानाही वाटलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. "गोळ्या कोणत्या घेऊन राहिले?"

मला मध्ये फिटचा झटका आला होता, त्याच्या गोळ्या चालू होत्या. "त्यानंही चढते," म्हणाले, आणि रिपोर्टखाली तसं लिहून दिलं. तो तुमसरला पाठवला, तर मेहुणा फोनवर म्हणाला, "लिहून कोणीही देते."

दुसऱ्या दिवशी लॅबला कुलूप. भाऊ एसटीने तुमसरला गेले होते. संध्याकाळी परतले आणि चपला न काढताच बसले. बायकोने दारातच विचारलं होतं, "तुम्ही कोण यांचे?"

"मग काय सांगितलं?"

"म्हटलं, रगत काढतो मी त्याईचं." मग चपला काढत म्हणाले, "नाही येत म्हणते. पण तुम्ही खोटं नाही बोलून राहिले, हे पटलं तिले."

ती आली नाही. मी पुन्हा प्यालो नाही. रिपोर्ट आता कोणाला पाठवायचा नव्हता, तरी दर महिन्याला जायचो. भाऊ रक्त काढायचे, मग आम्ही दोघं डबा खायचो.

यंदा त्यांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात मीच नेलं. चौथ्या दिवशी ते गेले. कागदावर सही घेताना नर्सने विचारलं, "तुम्ही कोण यांचे?"

"हे माझं रक्त काढायचे," मी म्हणालो.